जोडताना विचारा, सोडताना अडवू नका

काकूंना नवं श्रवणयंत्र मिळून दीड वर्ष झालं होतं. यंत्र काकूंचं, कान काकूंचे, पण लगाम माझ्या चुलतभावाच्या फोनमध्ये. चार माणसं एकदम बोलायला लागली की यंत्राची सेटिंग बदलावी लागते. ती बदलणारं अ‍ॅप त्याच्या फोनवर, त्याच्या खात्यातून चालायचं. तो घरात होता तोवर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. "जरा गोंगाटाचं कर रे," असं त्या म्हणायच्या आणि तो जेवता जेवता डाव्या हाताने करून टाकायचा. मग त्याची बदली झाली आणि काकू पुन्हा सगळ्यांना "काय?" विचारू लागल्या.

काम सोपं आहे असं समजून मी बसलो. काकूंच्या स्वतःच्या फोनवर अ‍ॅप घातलं. यंत्राच्या बॅटरीचं इवलंसं दार नखाने उघडून पुन्हा लावलं. असं केलं की पुढची काही मिनिटं ते नव्या जोडणीला तयार असतं. फोनवर त्याचं नाव आलं, 'जोडायचं का?' आलं, मी 'हो' दाबलं आणि ब्लूटूथ जोडलं गेलं. पुढे अ‍ॅप म्हणालं, हे उपकरण दुसऱ्या खात्याचं आहे. शेवटी चुलतभावाला फोन लावला. त्याच्याकडे आलेला सहा आकडी ओटीपी त्याने मला मोठ्याने वाचून दाखवला, मी तो काकूंच्या फोनवर टाकला. स्पीकर चालू होता, काकू शेजारीच बसल्या होत्या. "हा नंबर कुणाला सांगायचा नसतो ना?" त्यांनी विचारलं. मी हसून वेळ मारून नेली.

त्या संध्याकाळी दोन गोष्टी एकदम ध्यानात आल्या. जोडताना यंत्राने काहीच विचारलं नव्हतं. त्या काही मिनिटांत भिंतीपलीकडच्या कुणी 'हो' दाबलं असतं तरी त्याला चाललं असतं. आणि जुनी गाठ सोडवताना मात्र खुद्द मालकिणीला दारात उभं केलं. व्हायला हवं ते याच्या नेमकं उलट. बिनतारी देवाणघेवाणीच्या सुरक्षिततेबद्दल बोलणं निघालं की चर्चा कूटलेखन, म्हणजे संदेश किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा बंद करणं, किती भक्कम यावर जाते. पण घात होतो तो बहुधा ओळख करून देण्याच्या पहिल्या मिनिटात आणि निरोपाच्या शेवटच्या मिनिटात. फोन, मनगटावरचं घड्याळ, खात्यात शिरताना लागणारी, जुडग्यात अडकवायची सुरक्षा की ही सगळी साथीदार उपकरणं. या दोन मिनिटांना साक्षीदार म्हणून उभं राहणं हे त्यांचं खरं काम. आपण त्यांना घरमालक करून बसलो आहोत.

तारेचा एक गुण आता मुद्दाम आठवावा लागतो. ती कुठून निघून कुठे पोचली ते डोळ्यांना दिसायचं. रेडिओ लहरीला तोंडवळा नसतो. समोरच्या टेबलावरच्या यंत्राचं उत्तर आणि वरच्या मजल्यावरून कुणी त्याच्या नावाने दिलेलं उत्तर फोनला सारखंच ऐकू येतं. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी भर चौकात, सगळ्यांच्या देखत बोलून दोघांनी गुप्त किल्ली कशी ठरवावी याची रीत मांडली. ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द ऐकूनही किल्ली कळत नाही. अजब आणि सुंदर गणित आहे ते. पण ही किल्ली आपण नेमकी कुणाशी ठरवतोय, ते त्या गणिताला कळत नाही. मधे तिसरा उभा राहिला आणि त्याने इकडे एक, तिकडे दुसरी अशी किल्ली ठरवली, तर दोन्ही बाजूंना आपलं बोलणं कडेकोट सुरक्षित आहे असंच वाटत राहतं. आणि ते असतंही, फक्त त्या मधल्याशी.

यावर उतारा म्हणजे दुसरी वाट. ज्या वाटेने संभाषण चाललंय तिच्याबाहेरून, तिसऱ्याला हात घालता येणार नाही अशा रस्त्याने एकदा खातरजमा करायची. हा रस्ता माणसाचे डोळे असू शकतात, कॅमेऱ्याने टिपलेला क्यूआर कोड असू शकतो, दोन वस्तू एकमेकींना टेकवणं असू शकतं. एनएफसी म्हणजे दोन वस्तू टेकवल्यावर चालणारी बिनतारी सोय; तिचं जवळपास सगळं महत्त्व तिच्या आखूड हातात आहे, जेमतेम चार सेंटीमीटर. २००७ च्या ब्लूटूथ २.१ मध्ये जोडणीची जी पद्धत आली, तिच्यात दोन्ही पडद्यांवर सहा आकडे उमटतात आणि 'हे जुळतात का?' असं विचारलं जातं. हे आकडे दोघांत झालेल्या देवाणघेवाणीतूनच निघतात. मधे कुणी असेल तर दोन्हीकडचे आकडे वेगळे पडतात, आणि योगायोगाने ते जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक.

इथे जरा थांबतो, कारण काकूंच्या प्रश्नाची मेख इथे आहे. हे सहा आकडे गुप्त नसतात. ते फळ्यावर लिहून ठेवले, ओरडून सांगितले तरी काही बिघडत नाही. त्यांनी फक्त जुळायला हवं. ओटीपीचे सहा आकडे याच्या अगदी विरुद्ध. ते कुठेही जुळवून बघायचे नसतात, फक्त लपवायचे असतात. दिसायला जुळे भाऊ, नियम मात्र उलटे. पहिल्यांत बघणं महत्त्वाचं, दुसऱ्यांत न दाखवणं. आणि आपण लोकांना काय शिकवलं? सहा आकडे आले की घाईघाईने कुठेतरी टाकायचे किंवा डोळे मिटून 'हो' म्हणायचं. पहिल्या ठिकाणी माणूस न बघता दाबतो आणि दुसऱ्या ठिकाणी वाचून दाखवतो. यात त्याच्या बावळटपणाचा भाग थोडाच. दोन वेगळ्या गोष्टींना एकच चेहरा देणाऱ्यांनी आधी आपली चूक मान्य करायला हवी.

आता श्रवणयंत्राला पडदा कुठून आणायचा? कानात घालायचे इअरबड, दिवा, थर्मामीटर, दाराचं कुलूप यांच्यातल्या पुष्कळांना दाखवायला तोंड नाही आणि ऐकायला बटण नाही. अशांसाठी ब्लूटूथमध्ये जी सोय आहे तिचं नावच 'जस्ट वर्क्स'. चालतं म्हणजे चालतं, खोलात जाऊ नका. या पद्धतीत समोरचा तोच आहे का, हे तपासलं जात नाही. कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तर ती नुसत्या चोरून ऐकणाऱ्यालाही फारशी अडवत नव्हती. २०१४ च्या ४.२ आवृत्तीत ते सुधारलं. मधे उभा राहणारा मात्र अजूनही मोकळाच. हे कुणी लपवलेलं नाही, तांत्रिक दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. डब्यावर मात्र 'सुरक्षित जोडणी' एवढंच छापतात.

सोयीच्या नावाखाली पहिलं मिनिट उरकून टाकलं की काय होतं, त्याचा नमुना म्हणजे वाय-फायचा डब्ल्यूपीएस. लांबलचक पासवर्ड टाकायला नको म्हणून राउटरच्या पाठीवर आठ आकडी पिन. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, ऐकायला झकास. २०११ साली सुरक्षा संशोधक श्टेफान फीबॉक यांनी दाखवून दिलं की शेवटचा आकडा आधीच्या सातांवरूनच निघतो, आणि राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासून पहिला बरोबर की चूक ते सांगून टाकतो. चार आकड्यांचे दहा हजार, पुढच्या तीनचे एक हजार. दहा कोटींचे अकरा हजार झाले. आतलं कूटलेखन जागच्या जागी शाबूत होतं, पण दारवानच अर्धी परवल कुजबुजत होता. २०१९ मध्ये ब्लूटूथच्या बाबतीत असंच काही उघडकीला आलं. किल्ली किती लांब असावी यावर दोन उपकरणं आपसात घासाघीस करतात, आणि मधला माणूस त्यांना एका बाइटवर राजी करू शकतो. एक बाइट म्हणजे २५६ शक्यता. घासाघीस करायला मुभा होती म्हणून ती झाली.

याहून जुनी आणि शहाणी एक कल्पना आहे. केंब्रिजच्या फ्रँक स्टॅजानो आणि रॉस अँडरसन यांनी १९९९ साली बदकाच्या पिल्लाची उपमा वापरून एक शोधनिबंध लिहिला. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू समोर जे पहिलं हलतं-बोलतं दिसेल त्याला आई समजतं. त्यांचं म्हणणं, छोट्या बिनतारी यंत्रानेही तसंच करावं. जो पहिल्यांदा किल्ली देईल तो मालक, आणि ही किल्ली हवेतून न देता प्रत्यक्ष स्पर्शाने द्यावी, म्हणजे दोन यंत्रं एकमेकांना टेकवून. त्यांच्यापुढचं उदाहरण होतं दवाखान्यातला थर्मामीटर, जो आज एका डॉक्टरचं ऐकेल आणि उद्या दुसऱ्याचं.

निबंधाचा हा पहिला भाग लोकांनी उचलला. दुसरा भाग तितकाच मोलाचा होता, तो मागे पडला. पिल्लाला मरताही आलं पाहिजे. मरायचं म्हणजे जुनी ओळख पुसून कोरं व्हायचं, नव्या आईची वाट बघायला मोकळं. आणि तो आदेश द्यायचा कुणी? सध्याच्या आईने. निर्मात्याकडे यासाठी एखादी राखीव किल्ली असावी का, याचाही विचार त्यांनी केला होता. आज बहुतेक घरगुती यंत्रांत त्या राखीव किल्लीचीच मुख्य किल्ली झाली आहे. टेबलाच्या या टोकाच्या फोनला त्या टोकाच्या यंत्राशी बोलायचं तर आधी दूरच्या सर्व्हरवर हजेरी लावावी लागते. तो सर्व्हर ज्याला मालक म्हणेल तो मालक. काकूंच्या कानाशी काकूंचा फोन हातभर अंतरावर होता, तरी परवानगी बदलीच्या गावी गेलेल्या मुलाकडून आणावी लागली. ही सुरक्षितता काकूंची नव्हे, खात्याची.

अंतराचं बोललोच आहे तर त्यातली फसगतही सांगायला हवी, कारण साथीदार उपकरण जवळ आहे म्हणजे माणूस जवळ आहे, असं गृहीत धरण्यावर पुष्कळ डोलारा उभा आहे. खिशात किल्ली, गाडीजवळ गेलं की दार उघडतं. झ्यूरिखच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दहाच्या दहा फसली होती. एक जण गाडीपाशी, दुसरा किल्लीवाल्या माणसापाशी उभा राहतो, आणि दोघं मिळून संदेश इकडचा तिकडे पोचवतात. कोडं फोडायची गरजच पडत नाही. बुद्धिबळ न येणारा माणूस दोन ग्रँडमास्टरांशी टपालाने एकाच वेळी खेळतो आणि एकाची खेळी दुसऱ्याला कळवत राहतो, ते गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी सांगितलेलं कोडं हेच. २०२२ साली फोनच किल्ली असलेल्या गाडीवरही ब्लूटूथमधून हा प्रयोग यशस्वी करून दाखवण्यात आला. उपाय १९९३ पासून कागदावर आहे. स्टीफन ब्रँड्स आणि डेव्हिड चॉम यांनी सुचवलं की उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजा. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण तीस सेंटीमीटर जातो, रेडिओ लहरही तेवढीच. मधे दलाल असेल तर उशीर लपवता येत नाही. अल्ट्रा-वाइडबँड या नव्या रेडिओ तंत्राच्या चिपा आता हेच करतात. सिग्नल जोरात येतोय म्हणजे जवळच आहे, ही जुनी समजूत सोडायला इतकी वर्षं लागली.

कुणी म्हणेल, एवढा धोका असेल तर बिनतारी नकोच. एका माणसाच्या बाबतीत तसं झालंही. अमेरिकेचे उपाध्यक्ष असताना डिक चेनी यांच्या हृदयातल्या यंत्राची बिनतारी सोय २००७ मध्ये डॉक्टरांनी बंद करून ठेवली होती, कुणी घातपात करू नये म्हणून. २०१३ मध्ये त्यांनीच ते एका मुलाखतीत सांगितलं. पण ज्यांच्या दाराशी डॉक्टर चोवीस तास उभा नसतो, त्यांच्या साखरेचे आकडे, हृदयाचे ठोके घरबसल्या पोचावेत यातच त्यांचं हित आहे. तार परत आणा, हा सल्ला ज्याच्या शरीरात तार नाही तोच देऊ शकतो.

मग नीट केलेलं कसं दिसतं? संगणकावर पासकीने, म्हणजे पासवर्डऐवजी फोनमध्ये ठेवलेल्या किल्लीने, शिरताना पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि तो फोनने टिपायचा असतो. वरवर पाहता हा आणखी एक चौकोनी ठिपक्यांचा खेळ. पण कोड टिपल्यावर फोन ब्लूटूथवरून एक छोटासा संदेश हवेत सोडतो, आणि तो शेजारच्या संगणकाला ऐकू आला तरच गाडी पुढे सरकते. खरी देवाणघेवाण इंटरनेटवरून, कोडमधून मिळालेल्या किल्लीने बंद करून होते. ब्लूटूथवर मालाची वाहतूक ठेवलेलीच नाही, त्याची फक्त साक्ष काढली जाते, दोघं एकाच जागी आहेत याची. कुणी तो क्यूआर कोड दूरच्या माणसाला पाठवून फसवू पाहील तर त्याच्या फोनची कुजबुज फसवणाऱ्याच्या संगणकापर्यंत पोचत नाही. शिवाय पासकी ज्या संकेतस्थळासाठी बनली त्याच्याशीच चालते, हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर ती मुकी असते.

याच्या शेजारी दुसरा क्यूआर कोड ठेवून बघा. संदेशाच्या अ‍ॅपमध्ये दुसरं उपकरण जोडण्यासाठी तोच चौकोन वापरतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलच्या सुरक्षा पथकाने जाहीर केलं की रशियाशी संबंधित गट 'सिग्नल' हे संदेशाचं अ‍ॅप वापरणाऱ्यांना गटात सामील होण्याचं आमंत्रण वगैरे भासवून असा कोड टिपायला लावत होते. टिपला की हल्लेखोराचं उपकरण त्या खात्याला जोडलं जायचं आणि पुढचे संदेश दोन्हीकडे. सिग्नलचं कूटलेखन फुटलं नव्हतं. ते प्रामाणिकपणे दोघांनाही पोचवत होतं. चौकोन सारखाच, पण पहिल्या ठिकाणी जवळपणाची साक्ष मागितली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

उपकरणं बनवणाऱ्यांशी बोलताना एक वाक्य हटकून ऐकू येतं: लोक कुठे बघतात, ते 'हो'च दाबतात, म्हणून प्रश्नच काढून टाकला. अर्धं खरं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर 'तुम्हीच आत येताय का?' अशा विनंत्या एकामागून एक आल्या, आणि शेवटी त्याने एक मान्य केली. हल्लेखोर आत शिरला. पण यावरून शिकायचं काय? मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आपल्या ऑथेंटिकेटर या ओळख पटवणाऱ्या अ‍ॅपमधलं नुसतं 'मान्य' बटण पुरेसं न मानता संगणकावर दिसणारा आकडा फोनवर टाकणं सगळ्यांना लागू केलं. जो समोरच्या पडद्याकडे बघतच नाही त्याला आकडा कुठून सापडणार? माणसाला प्रक्रियेतून हाकलण्याऐवजी त्याला जमेल असं काम दिलं. होकार देणं हे काम नाहीच. बघून लिहिणं, टेकवणं, टिपणं ही कामं आहेत, आणि ती माणसं चोख करतात. श्रवणयंत्राला पडदा नसला तरी त्याच्या डबीवर क्यूआर कोड छापता येतो, चार्ज करायच्या डबीत एनएफसी बसवता येतं. बॅटरीच्या दाराची उघडझाप ही निदान एक शारीरिक खूण आहे, पण ती यंत्राला कळते, फोनला नाही. तेवढी पुरेशी नाही.

कायदे आता कुठे जागे होताहेत. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये इंटरनेटशी जोडायची घरगुती उपकरणं सगळ्यांना एकच, सहज ओळखता येणारा पासवर्ड घालून विकता येत नाहीत, आणि सुरक्षेचे अपडेट किती काळ मिळतील ते सांगावं लागतं. चांगलं आहे. पण गाठ सोडवण्याच्या हक्काबद्दल त्यात काही नाही. वस्तू ज्याच्या हातात आहे त्याला, प्रत्यक्ष हात लावून, ती कोरी करता यावी. कंपनी उद्या बंद पडली तरी करता यावी. यावर चोरीचा मुद्दा येतो, की चोरही कोरी करेल. करेल. फोनच्या बाबतीत तो धोका मोठा आहे, तिथे खात्याचं कुलूप असू द्या. पण एका कानाच्या मापाने बसवलेल्या यंत्राला फोनच्याच तराजूत तोलणं मला पटत नाही. आणि साथीदार एकच असावा, हेही नाही. तो हरवतो, फुटतो, बदलीवर जातो.

त्या दिवशी ओटीपी टाकल्यावर काकूंच्या फोनवर अ‍ॅप उघडलं. 'जोडलेली उपकरणं' अशी एक यादी तळाशी होती, तीनदा खाली सरकवल्यावर सापडणारी. तीन नावं. चुलतभावाचा सध्याचा फोन, त्याचा टॅबलेट, आणि आणखी एक फोन, जो त्याने मागच्या वर्षी कुणाला तरी विकला होता. काकूंनी चष्मा लावून तिन्ही वाचली. विकलेला फोन काढायला त्यांनीच बोट लावलं. टॅबलेटही गेला. मुलाच्या फोनपाशी त्या थांबल्या.

"हा काढू का?" मी विचारलं.

"आधी त्याला विचार," काकू म्हणाल्या, "मग काढ."